आतून लावलेली कडी

मनी कुलपांचे फोटो काढायची. कुलपं, कड्या, बिजागऱ्या, नळ, दारांची हँडलं, जे जे कारखान्यातून बाहेर पडेल ते ते कॅटलॉगसाठी. कारखान्याच्या मागच्या अंगाला तिला एक खोली दिली होती. टेबलावर पांढरा कागद मागून गोल वळवून लावलेला, दोन बाजूंना दोन मोठे दिवे, आणि मधोमध त्या दिवशीचा नवरदेव, म्हणजे एखादा नळ नाहीतर एखादं कुलूप. सावली म्हणजे चूक, हा तिथला कायदा. नवी असताना तिने एकदा नळाची सावली कागदावर जराशी राहू दिली, तर साहेब म्हणाले होते, "बाई, गिऱ्हाइकाला नळ दाखवायचाय. नळाचा स्वभाव नकोय." तेव्हापासून तिने सावलीचा नाद सोडला. हात बसला होता, पगार वेळेवर होत होता, आणि घरी गेल्यावर कॅमेऱ्याकडे बघावंसंही वाटत नव्हतं.

मनी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी पावलांचा आवाज न करता घरभर फिरायची म्हणून आत्याने ठेवलेलं. आई गेल्यावर आत्यानेच तिला आणि तिच्या मोठ्या भावाला वाढवलं. दादा लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आत्या-भाची उरल्या. आत्याचा खुबा दुखायचा. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि उठली की काठी टेकत हिंडायची. ठक, ठक. घर चालू आहे हे मनीला त्या आवाजावरून कळायचं.

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मनी बाथरूममध्ये केस धूत होती. बाहेर पावलं वाजली. आत्या उठली असेल, असं तिला वाटलं आणि तेवढ्यात लक्षात आलं की काठी वाजत नाहीये. तिने नळ बंद केला. पावलं रबरी तळव्यांची होती, सावकाश. कपाटाचं दार करकरलं, खण ओढल्याचा आवाज झाला. मग पावलं जवळ आली आणि बाथरूमच्या दारासमोर थांबली.

दाराचं हँडल खाली गेलं.

आतली कडी लहानशी होती, बोटाएवढी. मनीने तिच्यावर अंगठा दाबून धरला. केसांतला साबण डोळ्यांत उतरत होता, पण डोळा चोळायचीही हिंमत नव्हती. दार एकदा आत दाबलं गेलं. हँडल वर आलं. पावलं लांब गेली. जिन्यावर ती ऐकू येईनाशी झाली तरी मनीचा अंगठा कडीवरून निघेना.

बाहेर आली तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. मनीने हात लावताच ती उठून बसली. "काय झालं गं? डोळा लागला होता माझा."

आत्याचं घड्याळ आणि आईची साखळी गेली होती. बाकी सगळं जागच्या जागी होतं. पोलीस आले, बघून गेले. मनीने सांगितलं, नळ चालू होता, काहीच ऐकू आलं नाही. आत्याने सांगितलं, झोपले होते. दादा धावत आला आणि दार बघून म्हणाला, "साऱ्या जगाला कुलपं दाखवतेस, आणि स्वतःच्या दाराची कडी अशी खिळखिळी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!" मग बैल गेला नि झोपा केला, तशी तीन नवी कुलपं बसली. माणूस काही सापडला नाही.

भीती मात्र घरात राहायला आली. मनी बाथरूमचं दार उघडं टाकून अंघोळ करायची. पोस्टमनने दार वाजवलं तरी काळजाचं पाणी व्हायचं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. ती आत कडी धरून उभी होती, आणि बाहेर एक म्हातारं माणूस एकटं पडलेलं होतं. ती ओरडली नाही. बाहेर आली नाही. आत्याच्या ताटात भात वाढतानाही तिला ते आठवायचं.

अशातच कारखान्यात तिच्यापुढे एक हँडल आलं. घरच्या बाथरूमला होतं तसंच, जुन्या नमुन्यावरून पुन्हा काढलेलं. दिवे लागले. मनीने कॅमेरा हातात घेतला आणि तिचे हात कापायला लागले. फोटो हलला. साहेब संगणकाच्या पडद्यापाशी येऊन म्हणाले, "हे काय? भूकंप झाला का?" तिने ट्रायपॉड लावून दुसरा काढला, तो गुळगुळीत आला आणि कॅटलॉगला गेला. पण हललेला फोटो तिने पुसला नाही. साहेब गेल्यावर ती तो बघत बसली. हँडल खाली जातानाच पकडल्यासारखं दिसत होतं. अंगावर सर्रकन काटा आला. इतक्या वर्षांत तिने काढलेल्या कुठल्याही फोटोने तिला काही केलं नव्हतं. याने केलं होतं.

पुढच्या सुट्टीला तिने पलंगाखालून स्वतःचा कॅमेरा काढला.

पहिल्या खेपेला कारखान्यातून एक दिवा मागून आणला आणि कपाट, खण, दार, सगळं लख्ख उजळून टाकलं. फोटो बघितले तर घर नव्हतंच ते, फर्निचरचं दुकान होतं. मग दिवा परत केला. खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडात काढायचं ठरवलं. तेवढ्या उजेडात कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तोवर शेजारी न हलता उभं राहावं लागतं. खरी परीक्षा तीच होती. त्या खोलीत, त्या जागी, काहीही न करता उभं राहायचं. नजर सारखी दाराकडे जायची. पण पळून जाता यायचं नाही, कारण फोटो चालू असायचा.

हळूहळू तिने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. एका दिवशी एकच जागा. आधी कॅमेरा लावायचा नाही. आधी बघायचं की भीती नेमकी कुठे आहे. कपाटाच्या दारात? दाराच्या फटीत? कोपरा अंधारा असतो म्हणून भीती कोपऱ्यात असणार, असं तिला वाटायचं. तसं निघालं नाही. कोपरे बिचारे निरुपद्रवी होते. भीती होती ती दाराखालून जमिनीवर येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत. ती पट्टी कुणाच्या पायाने मध्येच तुटेल, याची.

एकदा तिने खुंटीला दादाचा जुना कोट अडकवून अंधुक फोटो काढला. हुबेहूब माणूस उभा असल्यासारखा आला. क्षणभर तिला स्वतःचं कौतुक वाटलं, मग लाज वाटली. "नाटकं!" ती स्वतःशी म्हणाली आणि फोटो पुसून टाकला. दुसऱ्याला घाबरवणं सोपं होतं. ती स्वतः कशाला घाबरते ते दाखवायचं होतं तिला.

आत्या पलंगावरून हे सगळं बघायची. "अगं, जमिनीचे कसले फोटो काढतेस? जमीन काय उपवर झालीये?"

"तू झोप गं आत्या."

"झोपते," आत्या म्हणायची आणि भिंतीकडे वळायची. पण अलीकडे तिला दुपारची झोप लागत नव्हती, हे मनीच्या लक्षात आलं होतं. विचारायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

एक जागा मनी टाळत होती. बाथरूम, आतून. दार लावून.

एका दुपारी जीव मुठीत धरून ती आत गेली. जागा एवढीशी, ट्रायपॉड मावेना. शेवटी त्याचा एक पाय बादलीत आणि दोन पाय बाहेर, असा तो कसाबसा उभा राहिला. तिने कडी लावली. वरच्या झरोक्यातून पांढरट उजेड दारावर पडत होता. हँडल, कडी, कडीखालचा उडालेला रंग. तिने बटण दाबलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

हँडल खाली गेलं.

काठी वाजली नव्हती. ठक नाही, काही नाही. तिचा अंगठा आपोआप कडीवर गेला. दार आत दाबलं गेलं, आणि पलीकडून अगदी बारीक आवाज आला :

"मने? आत तूच आहेस ना?"

"आत्या! काठी कुठे तुझी?"

"पलंगापाशी. घर एकदम गप्प झालं गं. मला वाटलं, पुन्हा कुणी शिरलं... काठीचा आवाज नको म्हणून भिंत धरत आले. उघडू नकोस," आत्या घाईने म्हणाली. "जरा तशीच थांब. समोरासमोर बोलता येणार नाही मला."

मनी कडी धरून उभी राहिली.

"त्या दिवशी मी जागी होते," पलीकडून आत्या म्हणाली. "कपाट वाजलं तेव्हाच जाग आली. तू आत आहेस, ठाऊक होतं मला. नळ बंद झालेला मी ऐकला. तो तुझ्या दाराशी गेला. हँडल हलवलं त्याने. आणि मी... मी हाक मारली नाही, मने. तोंड उघडलं तर तो माझ्याकडे वळेल, असं वाटलं. पोटच्या पोरीसारखं वाढवलं तुला, आणि वेळ आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले."

मनीच्या तोंडून हुंदका आला की हसू, तिलाच कळलं नाही. "आत्या, मलाही सगळं ऐकू येत होतं. तू बाहेर एकटी आहेस हे माहीत होतं. मी कडी धरून उभी होते."

आत्या पलीकडून चिडून म्हणाली, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी म्हातारी आहे!"

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "पाय दुखतायत माझे. उघड आता."

मनीने कडी काढली. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक. बादलीत पाय बुडवून उभ्या असलेल्या ट्रायपॉडकडे तिने पाहिलं, पण नेहमीसारखा टोमणा मारला नाही. मनीने तिला हाताला धरून पलंगावर नेलं, पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर आत्या म्हणाली, "माझा काढ."

"काय?"

"फोटो. मी त्या दिवशी पडले होते तसा. तू सगळ्या घराचा काढलास, जमिनीचासुद्धा. मला तेवढं वगळलंस."

खरं होतं ते. मनीने ट्रायपॉड आणला. आत्या भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पाय पोटाशी घेतले, पदर खांद्यावर ओढला. "असंच," ती म्हणाली.

कुठून काढायचा? मनीने खोलीत नजर फिरवली आणि तिला कळलं की जागा एकच आहे. कपाटापाशी. तो उभा होता तिथे. त्या फरशीवर तिने पाय जपून ठेवला. तिने कॅमेरा लावला, वाकून आत पाहिलं.

आत्याची पाठ. पांढरी वेणी. मान ताठ, कान टवकारल्यासारखा. आणि पलंगाच्या कडेला आलेली पावलं. त्या पावलांची बोटं आत वळलेली, घट्ट आवळलेली. झोपलेल्या माणसाची बोटं अशी नसतात. मनी बघत राहिली. तिने बटण दाबलं. पडदा उघडला, वेळ गेला, पडदा मिटला.

"दिसतेय का मी झोपल्यासारखी?" आत्याने भिंतीला विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. कारखान्यात गिऱ्हाइकाला हवं तेच दाखवण्यावाचून तिने नाहीतरी दुसरं काय केलं होतं?

"नाही गं," मनी म्हणाली. "अजिबात नाही."

आत्याने मान वळवली. "म्हणजे त्याला..."

"हो. त्याला कळलं असणार."

दोघींचीही नजर एकदमच बाहेरच्या दाराकडे गेली. तिन्ही कुलपं लावलेली होती. एक माणूस इथे उभा राहिला होता, त्याला माहीत होतं की म्हातारी जागी आहे, आणि बाथरूममध्येही कुणीतरी आहे. तरी तो निघून गेला होता. का गेला, हे त्या दोघींना कधीच कळणार नव्हतं. त्याच्याही पाचावर धारण बसली असेल, असं मनात येऊन मनीला आधी बरं वाटलं आणि लगेच अधिकच भीती वाटली. घाबरलेल्या माणसाचा काय भरवसा?

संध्याकाळी दादाचा फोन आला. आमच्याकडे चला, किती दिवस असं राहणार. आत्याने फोन घेतला. "सध्या नको," ती म्हणाली. "मनीचं काम चालू आहे घरात." मनीने चमकून पाहिलं. काम, हा शब्द या फोटोंसाठी अजून कुणीच वापरला नव्हता. तिने स्वतःसुद्धा नाही.

फोन ठेवून आत्या पलंगावर टेकली. बाहेर उजेड उतरत चालला होता. "आता तोंड इकडे करून काढ," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेवून."

"हलायचं नाही हं, वेळ लागेल."

"श्वास घेतला तर चालेल?"

"घे."

आत्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि तिने ती झाकली नाही. मनीने बटण दाबलं आणि शेजारी उभी राहिली, आत्याकडे बघत. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली, वरच्या मजल्याकडे गेली. आत्याची पापणी लवली, पण ती हलली नाही. मनीही हलली नाही.

पडदा खट्कन मिटला, तेव्हा दोघीही दचकल्या.