कंदील कोण लावणार

संध्याकाळ झाली की मला कमी दिसतं. एवढंच झालंय. दिवसा मी गाडी चालवते, भाजी चिरते, शेजारच्यांचा कुत्रा आमच्या कुंपणाशी काय करून जातो तेही मला स्वयंपाकघरातून स्पष्ट दिसतं. पण डॉक्टरांचं म्हणणं मी घरी येऊन सांगितलं आणि त्या दिवसापासून माझा मुलगा ब्रेट माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागला. अरे, डोळे अधू झालेत, कान नाहीत!

दर ईस्टरला आमचं सगळं खटलं मरे नदीवर तंबू ठोकतं, बारम गावाच्या वरच्या वळणाला. वाळूचा काठ, पोरांना डुंबायला उथळ पाणी, त्यामुळे त्या जागेवर आमच्या निम्म्या बेंडिगो शहराचा डोळा. जागा हवी तर सुट्टी लागायच्या आधी कोणीतरी जाऊन राहावं लागतं. नुसता तंबू ठोकून घरी पळालात तर दुसरे लोक येऊन तो खुशाल गुंडाळतात, बाजूला ठेवतात आणि आपला ठोकतात. नदीवरचं कोणीही मग तुमची बाजू घेत नाही. अंधार पडला की कंदील लागायला हवा. कंदील लागलाय म्हणजे माणूस आहे, जागा धरलेली आहे. माझा नवरा मर्व होता तोवर तो जायचा. तो गेल्यावर मी जायला लागले. दोन-तीन दिवस मी, नदी आणि काकाकुव्यांचा कलकलाट. मला विचाराल तर माझा ईस्टर तोच. नंतर सगळे येतात तेव्हा नुसती सॉसेजेस भाजायची असतात.

यंदा जुना गॅसचा कंदील मोडीत निघाला. नवा घ्यायचा म्हटल्यावर ब्रेट म्हणाला, "चल, मी येतो बरोबर." मला बरं वाटलं. मी पण कसली भोळी!

हमरस्त्यावरच्या त्या अवाढव्य दुकानात आम्ही गेलो. विक्रेत्याच्या छातीवर जेडन असं नाव होतं. "कशी आहेस, डार्ल?" त्यानं मला लाडात विचारलं आणि उत्तराला न थांबता ब्रेटकडे वळला. "यांना कशासाठी हवाय?"

मी दोघांच्या मधोमध उभी होते. "नदीवर लावायला हवाय," मी म्हणाले.

"मस्त," तो ब्रेटला म्हणाला. "मग हा बघा. फोनवरून चालू-बंद होतो. सोळा रंग आहेत. आणि माणूस बराच वेळ हललं नाही तर घरच्यांना मेसेज जातो."

"आणि मी पुस्तक वाचत बसले असले तर?"

"मग... अधूनमधून हलायचं."

"त्या वळणावर फोनला सिग्नल येत नाही, बाळा. येत असता तर आम्ही तिथे कशाला गेलो असतो?"

"आई, तो समजावून सांगतोय ना," ब्रेट म्हणाला. "ऐकून तरी घे."

माझं डोकं तापायला लागलं होतं. मला काय हवं होतं? कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतात त्या जाड सेलवर चालणारा. उजेड पिवळसर, कारण पांढऱ्या उजेडावर अख्ख्या नदीचे किडे येऊन सूपमध्ये पडतात. आणि बटण हाताला लागेल असं. फळीवरचे निम्मे कंदील साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत. त्यांचं बटण शोधायला आधी दुसरा कंदील लावावा लागेल! ज्यांनी ते बनवले त्यांनी ते अंधारात एकदा तरी हातात धरले असतील का?

बरं, पारख करायची तर कशी? बाहेर दुपारचं ऊन, वर दुकानाचे लखलखीत दिवे. त्यात काजवाही दिसेना आणि सूर्यही कळेना. कोपऱ्यात एक तंबू उभारून ठेवला होता, जाड काळपट कापडाचा. मी चार कंदील उचलले आणि तिकडे निघाले.

"डार्ल, तो तंबू नुसता बघायला आहे!" जेडन ओरडला.

"मी बघायलाच चाललेय," म्हटलं, आत शिरले आणि चेन ओढून घेतली.

आत माझ्या डोळ्यांपुरता अंधार होता. पहिल्याचं बटण सापडेना. दुसरा पेटला तो दवाखान्यातल्या दिव्यासारखा पांढराफटक. तिसरा खाली ठेवताच कलंडला. चौथा मात्र हिरवा, जड आणि दिसायला कुरूप. त्याला वर जाडजूड खाचांची चकती होती. डोळे मिटले, चकती लगेच सापडली, डोळे उघडून ती फिरवली, उजेड हळूहळू वाढत गेला, थेट लोण्यासारखा. हाच, मी मनात म्हटलं. आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"त्यांना आणखी काही दाखवू का?"

"काहीही दे रे, स्वस्तातला," ब्रेट म्हणाला. "ती जाणारच नाहीये. जागा धरायला यंदा माझा मेहुणा जातोय, बुधवारी. तिला अजून सांगितलं नाही. कंदील घेऊन जरा खूश झाली की घरी गेल्यावर बोलू."

ज्या पोराला मी लहानपणापासून तंबूत झोपवलं, त्याला कापडाच्या भिंतीतून सगळं ऐकू जातं एवढंही कळू नये?

मला रडू आलं नाही. संताप आला. रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसा हा मला कंदील देत होता! ठरवलं सगळ्यांनी मिळून, तेही माझंच, आणि मलाच सोडून. चाचपून चेन उघडली आणि मी बाहेर आले.

"लॉक्लन?" मी म्हणाले. "लॉक्लन धरणार जागा? गेल्या वर्षी ज्यानं तंबू थेट तांबड्या निलगिरीच्या फांदीखाली ठोकला तो? वारा नसतानाही मोडून पडतात त्या फांद्या, शेंबडं पोर सांगेल. मी त्याला तंबू उपटायला लावला नसता तर तुझी बायको आज भावाच्या थडग्यावर फुलं वाहत असती!"

"आई, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. मघापासून मला कोणी बघतच नव्हतं."

जेडनला एकाएकी पलीकडच्या दोऱ्या नीट लावायच्या आहेत असं आठवलं.

"तुला संध्याकाळी दिसत नाही," ब्रेट म्हणाला. "एकटी असतेस. पडलीस बिडलीस तर?"

"पडले तर पडलेली सापडेन. घरी मेले तर काय उभी सापडणार आहे?"

तो खाली बघत म्हणाला, "तू तिकडे एकटी असलीस की मला झोप लागत नाही गं."

"मग तसं म्हण की! भीती वाटते तुला, आणि घरी बसायचं मी? हा कुठला न्याय? काळजी वाटत असेल तर ये एक दिवस आधी, सरपण फोड, चहा कर. पण माझं मला न विचारता परस्पर ठरवायचं नाही. मला संध्याकाळी कमी दिसतं हे मला माहीत आहे, ब्रेट. म्हणूनच मी एवढा वेळ त्या तंबूत डोळे मिटून कंदील चाचपत बसले होते."

ब्रेट कानामागे लाल झाला होता, अगदी मर्व व्हायचा तसा.

"फोन लाव त्याला," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

"घरी गेल्यावर लावतो."

"आत्ता."

त्यानं लावला. "हां, लॉक्लन, अरे ते बुधवारचं राहू दे. आई ऐकतच नाहीये, तेव्हा—"

"ऐकत नाहीये नव्हे," मी म्हणाले. "नीट सांग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फोनमधून लॉक्लन हॅलो हॅलो करत होता. मी कंदील छातीशी धरून उभी होते.

"लॉक्लन," ब्रेट म्हणाला, "जागा धरायला आई जातेय."