चंद्राचं रडणं

वळ गावात रडावं तर चंद्रानं. मयताच्या दारात ती हेल काढून बसली की दगडालाही पाझर फुटायचा. मेलेल्याशी बोलत, सगळं उणंदुणं काढत रडायची गावची रीत. आणि दुसरी रीत अशी, की त्या रडण्यातलं कुणी उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. भांडण असो, लाज असो, ते मयताबरोबर जळून जायचं.

पण गावच्या जमिनी गोडाऊनांना गेल्या, पोरांच्या खिशात मोबाइल आले, आणि कसली रीत नि कसलं काय!

चंद्राचा नवरा लडकू गेला तेव्हा ती त्याच्याशीच बोलत होती. "अवो, दार लावून माज्या पायांच्या भेगांना तेल लावायचे तुमी, आता कोन लावील?" लडकू म्हणजे चारचौघांत बायकोकडे ढुंकून न बघणारा गडी. त्याचं हे ऐकून बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

पुतण्या भावेशनं ते मोबाइलमध्ये भरून घेतलं. वाईट मनानं नव्हे हो; काकीसारखं कुणी रडत नाही, असं वाटलं म्हणून. एका दोस्ताला ब्लूटूथनं दिलं, दोस्तानं आणखी कुणाकुणाला. बघता बघता लडकूचं तेल पार अंबाडी गावच्या नाक्यापर्यंत पोचलं. चंद्रा दुकानाकडे निघाली की मागून आवाज यायचा, "काकी, तेल लावू का?" मेल्यांना जनाची नाही, मनाची तरी!

भावेशची आई आक्का म्हणजे चंद्राची थोरली जाऊ. तिनं पोराच्या थोबाडीत ठेवून दिली, रेकॉर्डिंग पुसायला लावलं. पण एकाकडचं पुसून काय होतं? चंद्रानं त्यानंतर कुणाच्याच मयतात तोंड उघडलं नाही. आक्का म्हणायची, "माज्या टायमाला तरी रड गो. तुज्या रडन्याबिगर मी जायची न्हाय." चंद्रानं हो म्हटलं होतं.

आणि आक्काच गेली.

बायकांनी चंद्राला वाट करून दिली. सासूच्या शिव्या आक्कानं आपल्यावर घेतल्या होत्या, चंद्राच्या तापात रात्रभर उशाशी बसली होती, ते सगळं चंद्राला बोलून रडायचं होतं. तिनं मान वर केली. कुडाच्या भिंतीशी पोरं उभी होती, हात खिशात घालून. तिनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"काकी, रड ना गो," भावेश तिच्या पायाशी बसला. "माजी आय हाय. मोबाइल कुनी काढनार न्हाय, शप्पत."

शपथेवर काय विश्वास ठेवायचा? चंद्रानं मयताच्या आंघोळीसाठी आणलेली तेलाची वाटी ओढली आणि आक्काच्या भेगाळलेल्या पायाला मुक्यानंच तेल चोळू लागली. निदान एवढं तरी.

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

भावेशची मान खाली गेली. चंद्राचा हात थांबला. तिनं वाटी बाजूला सारली, पदर तोंडात कोंबला आणि भिंतीशी जाऊन बसली. माणसांनी तिरडी उचलली. आक्काचा दुसरा पाय तसाच कोरडा गेला.