खुर्चीच्या दोन हातांवरची फळी

माझ्यावर आजवर एकही मोठं माणूस बसलेलं नाही. मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी फळी आहे. न्हाव्याची खुर्ची मोठ्यांच्या मापाची असते. लहान मूल तिच्यात बसलं की आरशात फक्त माथा दिसतो. म्हणून खुर्चीच्या दोन हातांवर मला आडवी टाकतात आणि मुलाला माझ्यावर बसवतात.

एका सुताराकडे कपाट करून उरलेला तुकडा, हे माझं मूळ. सलूनवाल्या काकांनी तो मागून घेतला. सुताराने कडा घासून गोल केल्या, वर कापूस घालून रेक्झिन ठोकलं आणि एवढी बडदास्त कुणा राजासाठी, असं विचारलं. काका म्हणाले, "राजा निदान सांगितलेलं ऐकतो. हिच्यावर बसणारे तेही ऐकत नाहीत."

ते खरंच होतं. कुणी भोकाड पसरायचं, कुणी श्वास रोखून डोळे मिटून घ्यायचं. एका पठ्ठ्याने तर काकांचा अंगठाच चावला. काका चिडत नसत. कानामागे कात्री नेण्याआधी ते विचारत, "तुझ्या कानात कोण राहतं रे?" मूल विचारात पडे, तेवढ्यात कान मोकळा. ही फळी आहे म्हणून बरं, असं आया म्हणाल्या, की माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचं.

पण प्रत्येक मुलाचा एक दिवस यायचा. काका त्याला आरशात न्याहाळायचे, मला उचलून भिंतीला टेकवायचे आणि म्हणायचे, "आज खुर्चीत." पाववाल्याच्या धाकट्याचे पाय तेव्हा खालच्या पट्टीला पोचतही नव्हते. पण तो कबूल करेना. पाय लोंबकळत, मान मात्र ताठ. डॉक्टरीणबाईंचा मुलगा उलट हिरमुसला. अजून एकदाच फळीवर बसू का, असं त्याने काकांच्या कानात विचारलं. पुढच्या खेपेला तोही मुकाट्याने खुर्चीत बसला.

भिंतीला टेकून मी या मुलांकडे बघत राहायचे. बघता बघता त्यांचा आवाज फुटायचा, ओठावर मिसरूड यायचं. आईबरोबर येणारी मुलं एकटी येऊ लागायची आणि आरशात स्वतःकडे चोरून बघायची. मला भारी कुतूहल वाटायचं. माझ्यावरून उतरल्यावर माणूस मोठं होतं, की मोठं झाल्यामुळे ते उतरतं? कुणाला विचारणार? लाकूड एकदा कापलं की वाढत नाही, त्यामुळे स्वतःचा अनुभव शून्य.

मला जे थोडंफार उमगलं, ते काकांच्या लेकीमुळे. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. पुढे त्याचं नुसतं खारू झालं. तीही माझ्यावर बसली आणि एके दिवशी उतरली. पण इतरांसारखी ती निघून गेली नाही. शाळा सुटली की सलूनमध्येच असायची. कात्री आधी बाहुलीवर चालली, मग आईवर. त्यानंतर महिनाभर आईने डोक्यावरचा रुमाल काढला नाही. शाळा संपेपर्यंत मात्र खारूचा हात असा बसला, की गिऱ्हाइकं तिच्यासाठी थांबू लागली.

उंचीने ती बापाच्या वर गेली. तरी गल्लीत ती "काकांची छोटी"च राहिली आणि तिलाही ते सोयीचं होतं. किरकिऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यायची वेळ आली की ती हळूच बाबांच्या मागे सरकायची.

माझे दिवस मात्र फिरले. कोपऱ्यावर नवं सलून निघालं. तिथे मुलांसाठी मोटारीच्या आकाराची खुर्ची होती. मुलं तिकडे पळाली. मला मोरीजवळ नेऊन माझ्यावर ओल्या टॉवेलांची बादली ठेवली गेली. पाणी झिरपून मी एका अंगाने फुगले. पुढचं सारं मी तिथूनच पाहिलं.

काकांचा उजवा हात थरथरू लागला होता. आधी बशीत कप वाजायचा, मग कात्री हलू लागली. एके दिवशी मास्तरांची दाढी करताना वस्तरा कानाखाली लागला. मास्तर जुने गिऱ्हाईक. त्यांनी तुरटी लावून घेतली आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. पुढे आणखी एकाला लागला. खारूने दोन्ही वेळा पाहिलं आणि झाडलेली फरशी पुन्हा झाडायला घेतली. मग मोरीपाशी येऊन तिने मावशीला फोन केला. आईने सांगितलं तर बाबा हसण्यावारी नेतात, तूच बोल ना, अशी गळ घातली. मावशी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवल्यावर खारू बराच वेळ नळ उघडा टाकून उभी होती.

संध्याकाळी तिने शटर अर्धं खाली ओढलं.

"बाबा, उद्यापासून दाढीचं काम मी करीन."

"का? माझे हात कुठे गेले?"

"इथेच आहेत. पण थरथरतात. मास्तरांना लागलं."

काका कंगवे पुसत राहिले. "माझ्या हाताखाली शिकलीस आणि मलाच शिकवतेस?"

खारूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. "शिकवत नाही, बाबा. बघवत नाही मला."

काका तिची वाट न बघता घरी निघून गेले. नंतर त्यांनी अबोलाच धरला. तिला टॉवेल द्यायला सांगा, असं ते गिऱ्हाइकालाच म्हणायचे. गिऱ्हाईक बिचारं अर्धवट कापलेल्या केसांनी निरोप पोचवायचं. वस्तऱ्याला मात्र त्या दिवसांत काकांनी हात लावला नाही. दाढीला कुणी आलं की वस्तरा बोथट झालाय म्हणून परत पाठवायचे.

मग एका सकाळी दुकान उघडताच ते स्वतः खुर्चीत बसले, स्वतःच गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि म्हणाले, "कर."

खारूने साबण लावला. वस्तरा उचलला आणि तो हवेतच थांबला. आता तिचा हात थरथरत होता.

"घाबरतेस?" काकांनी आरशातून विचारलं.

"हो."

"मग कर. न घाबरणाऱ्याच्या हातात वस्तरा देऊ नये."

तिने दोन बोटांनी बापाची हनुवटी वर उचलली. काकांनी डोळे मिटले. वस्तरा गालावरून उतरला, गळ्याशी आला, सावकाश पुढे गेला. शेवटी काकांनी गालावर तळवा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "डाव्या बाजूला थोडं राहिलंय." मग चहा सांगायला बाहेर गेले. अबोला संपला होता.

आणि मित्रांनो, त्यानंतर खारूने काय करावं? ती त्या खुर्चीत बसली, पायाने रेटा दिला आणि गरगर गोल फिरली, अगदी पाच वर्षांच्या पोरीसारखी. मी चाटच पडले. म्हणजे लहानपण कुठे जात नाही की काय? मोठेपण त्याच्या शेजारी येऊन बसतं आणि दोघं एकच खुर्ची वापरतात?

मास्तर आले तेव्हा काकांनी लेकीकडे बोट दाखवलं. मास्तरांनी दोघांकडे पाहिलं आणि मान तिच्या हाती दिली. काका डॉक्टरांकडेही गेले. औषधाने थरथर कमी झाली, पण पुरती गेली नाही. आता ते स्टुलावर बसून मुलांना बोलण्यात गुंतवतात आणि खारू केस कापते. मोटारीच्या खुर्चीपाशी कुणी कानात राहणाऱ्यांची चौकशी करत नाही, म्हणून मुलं हळूहळू परत आली. तेव्हा काकांना माझी आठवण झाली.

त्यांनी मला मोरीजवळून उचललं, भिजलेलं रेक्झिन उचकटलं. खारू मला उन्हात ठेवायला निघाली होती. काकांनी तिला अडवलं. ओलं लाकूड घाईने वाळवलं की वाकतं, म्हणून त्यांनी मला सावलीत, वाऱ्याला उभं केलं. बरेच दिवस लागले. पण मी सरळ राहिले.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्याही आसपास कुणीतरी मोठं होत असेल, कदाचित तुम्हीच होत असाल. त्याला उन्हात ठेवू नका. वारा लागू द्या, आणि थोडं थांबा.