खूण नसलेली ओळ

मी एक जुने दार आहे, आणि तेही मागचे. कवींच्या घराचे पुढचे दार तुम्ही पाहिले असेल, मित्रांनो. त्याच्यासमोर उभे राहून सगळे फोटो काढतात. त्याने मिरवायचे आणि मी राबायचे, हे आमच्यात पहिल्यापासून ठरलेले आहे.

मला घडवणारा सुतार मोठा विसरभोळा होता. तो काम संपवून गेला, पण त्याची चपटी, जाड पेन्सिल माझ्या चौकटीवरच राहिली. ती कवींना सापडली आणि माझे भाग्य उजळले. चूल माझ्या शेजारीच होती. कवींना ओळी सुचायच्या त्या नेमक्या दुधाची राखण करताना. कागद आणायला जावे तर ओळही जायची आणि दूधही. मग ते माझ्या आतल्या, फिक्या रंगाच्या अंगावरच लिहीत.

घरात एक नियम होता. ओळ वहीत उतरवली की कवी तिच्यापुढे बरोबरची खूण करत. खूण दिसली की त्यांची पत्नी ओले फडके घेऊन ती पुसून टाकी. खूण नसेल तर फडके लावायचे नाही. हळूहळू घरची कामेही माझ्यावर येऊ लागली. कवितेच्या शेजारी 'लेकीची चप्पल शिवून आणणे' असे, आणि काम झाले की त्यापुढेही तशीच खूण होई. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. लेक स्टुलावर चढून पुसायला धावे, तेव्हा आई म्हणे, "तू नको. ते माझं काम आहे."

एकदा चुलीवरचे छप्पर गळू लागले. पत्नी म्हणाली, "छप्पर फुटलंय." कवी म्हणाले, "छपराला काही झालेलं नाही, वर झुकलेल्या फांदीचं पाणी येतंय." झाले, दोघांचा दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी कवी बाहेर पडताना माझ्यावर लिहून गेले:

"छपराचं तुझंच खरं होतं.
परत आलो की वर चढतो."

ते परत आलेच नाहीत. वाटेतच कोसळले.

बाई पुढे अकरा वर्षे जगल्या. त्या मला रोज पुसत, पण तेवढी जागा सोडून. त्यांच्यामागे घर बंद पडले. माझ्या बिजागऱ्या गंजल्या, खालची कड वाळवीने खाल्ली. मला फार एकटे वाटे.

मग घराभोवतीची झाडे आणि हे घर मिळून एक छोटे उद्यान करायचे ठरले. कुंपण आले, बाके आली, छप्पर दुरुस्त झाले. मी हरखून गेलो. शेवटी रंगारी आला. मला पाहून म्हणाला, "किती मळलंय हे! आरशासारखं करून देतो." आणि वरून घासायला लागला. मला ओरडता येत नव्हते. पहिली ओळ बघता बघता भुसा होऊन खाली पडली.

तेवढ्यात लेक आत आली. तिचे केस आता पांढरे झाले आहेत.

"थांबा," ती म्हणाली. "खूण केलेली होती का?"

"कसली खूण, आजी? मला वाटलं, कोणी रेघोट्या मारल्यात."

तिने त्याला सगळे सांगितले. त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला. तिच्या मागोमाग आलेले उद्यानाचे व्यवस्थापक म्हणाले, "आता अर्धंच उरलंय. लोकांना काय कळणार? आणि छप्पर तर आम्ही नीट केलंय."

"गळत नाही?"

"परवाच्या पावसात मी स्वतः इथे उभा होतो. एक थेंब नाही."

लेक बराच वेळ वर बघत राहिली. मग तिने रंगाऱ्याच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि उरलेल्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

"म्हणजे आता पुसायचं ना?" रंगाऱ्याने हळूच विचारले.

"नाही. पुसायचं काम आईचं होतं."

मित्रांनो, तो रंगारी वाईट नव्हता. त्याला मला सुंदरच करायचे होते, फक्त त्याने कोणाला विचारले नाही. जुन्या वस्तूला जरूर जपा, पण हात लावण्याआधी तिला ओळखणारे कोणी आहे का, ते बघा. आणि उद्यानात आलात तर मागच्या बाजूलाही या. मला हळू लोटा. ओळीवरून बोट फिरवू नका. पुसणारी येईपर्यंत ती तशीच राहायची आहे.