सोपानरावांचं आमेन

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. नाक मुरडू नका! माझी उजवी काडी दोऱ्याने बांधलेली आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण १९९४ साली दौंडच्या दुकानात काचेच्या कपाटात बसायचो, तेव्हा माझी ऐट काही विचारू नका. शिरूरच्या सोपानराव गवंड्यांनी मला नाकावर चढवलं आणि म्हणाले, "आता शास्त्र नीट दिसंल." तेव्हापासून मी त्यांचा झालो.

सोपानराव ख्रिस्ती मंडळीतले. रोज जेवणाआधी मला लावून ते शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय मोठ्याने वाचत. बायको सारजाबाई आणि लेक माया ऐकत बसत. सारजाबाईंना वाचता येत नव्हतं, पण मला पदराने पुसायच्या त्याच. काय मऊ पदर होता तो!

सत्त्याण्णव साली सारजाबाई तापाने अंथरुणाला खिळल्या. महिना झाला तरी उठेनात. एका रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायच्या, म्हणजे देवाबद्दल चारचौघांत बोलायच्या, वेळी एकोणीस वर्षांची माया उभी राहिली. म्हणाली, "देवा, आई उठून बसली तर निमोणे गावातल्या आपल्या बायांना मी दोन वर्सं वाचाया शिकवीन. तवर लगीन करणार न्हाई." सगळ्यांत मोठ्याने आमेन, म्हणजे 'तसंच होवो', म्हणाले ते सोपानराव. माझ्या काचा ओल्या झाल्या होत्या.

पंधरवड्यात सारजाबाई खरंच उठून बसल्या. आणि नेमकं तेव्हाच दौंडहून मायाला स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली, पण त्यांना लग्न उन्हाळ्यातच हवं होतं. सोपानरावांचा जीव त्या स्थळात अडकला. माया नको म्हणाली, तर म्हणाले, "पोरीचा नवस बापाला मोडता येतो. शास्त्रातच लिवलंय."

मला चढवून त्यांनी मोशेच्या नियमांतलं ते पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. बापाच्या घरी असलेल्या मुलीचा नवस बाप मोडू शकतो, इथे त्यांचा आवाज चढला. पुढच्या ओळीला तो खाली आला. मोडायचा तर ऐकल्या दिवशीच मोडायचा. ऐकून गप्प राहिला, तर नवस कायम. नवऱ्याबद्दल तर आणखी पुढे लिहिलं होतं, की त्याने मागाहून मोडला तर दोष बायकोवर नाही, त्याच्यावर.

माया दाराशी उभी होती. सारजाबाई हळूच म्हणाल्या, "अवं, तुम्ही गप तरी कुठं बसला व्हता? समदी मंडळी सांगत्यात, सगळ्यांत मोठं आमेन तुमचंच."

सोपानरावांनी मला काढून पानावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः एसटीने दौंडला गेले. पाहुण्यांना म्हणाले, "पोरीनं देवाला शबुद दिलाय, आन् त्यावर माझं आमेन हाय. दोन वर्सं थांबता का?" पाहुणे थांबले नाहीत. येताना सोपानरावांनी मला तीनदा पुसलं. मला फार वाईट वाटलं हो!

मायाने मात्र दोन वर्षं निमोण्याची वाट चुकवली नाही. घरी आली की बायांना शिकवायची तीच पाटी आईपुढे गिरवायला ठेवायची. पुढे तिचं लग्न झालं, चांगलं झालं.

२००४ साली सोपानराव गेले. मी ट्रंकेत जुन्या सदऱ्यांखाली पडलो. वर्षभर मला कुणी विचारलं नाही.

मग एका दुपारी ट्रंक उघडली. सारजाबाईंनी मला पुसलं, तुटकी काडी दोऱ्याने बांधली, मला लावलं आणि तेच पान काढलं. एकेक अक्षर जोडत त्या वाचत होत्या. विधवेने केलेला नवस तिचा तिच्यावर कायम राहतो. तो मोडणारं कुणी नाही.

"म्हंजी आता बोलायचं बी मी, आन् निभवायचं बी मी," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "देवा, डोळं हायेत तवर रोज एक पान वाचीन."

मित्रांनो, जुना चष्मा ट्रंकेत टाकू नका. आणि कुणाच्या शब्दावर आमेन म्हणाल, तर तो शब्द तुमचाही झाला, हे विसरू नका.

त्या दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून सारजाबाईंनी आपलं आमेन आपणच म्हटलं, अगदी सोपानरावांसारखं मोठ्याने.