नीलम भोईटेंचा राजीनामा

"हो साहेब, राजीनामा करायला आम्ही तयार आहोत," नीलम भोईटे एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानावर हात दाबून ठणकावून म्हणाली. मागे मशीनचा धडधडाट चालू होता. "एक-दोघं नाही, सगळे. एकजात सगळे!"

पलीकडे पुण्याच्या हेड ऑफिसातले दाबके साहेबांचा कानांवर विश्वास बसेना. "सगळे? म्हणजे, खरंच सगळे?"

"अहो, सगळे म्हणजे सगळे. रोजची ही कटकट कोणाला हवी आहे? तुम्ही इकडे येऊन जा, समोरासमोर बसू आणि करून टाकू."

"लेखी द्याल ना?"

"घ्या! तोंडी राजीनामा कोण मानतं, साहेब?"

"वा, वा. नीलमताई, तुम्ही फार समजूतदार आहात हो." दाबके साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "परवा सकाळी मी स्वतः येतो."

नीलमने फोन पदराला पुसला. मसाला पॅकिंगच्या सगळ्या बायका हळदीने पिवळ्या झालेल्या हातांनी तिच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे युनियनचे अध्यक्ष रामसेवक कुशवाहा.

"क्या बोले?"

"परसों आ रहे हैं. राजीनामा हो जाएगा."

बायकांनी टाळ्या पिटल्या. कुशवाहांनी लगेच चहा सांगितला.

पुण्या-मुंबईकडचा वाचक एव्हाना चक्रावला असेल. साहजिक आहे. पण ग्वाल्हेरात नोकरी सोडली तर इस्तीफा देतात. राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्या, भांडण मिटलं, तडजोड झाली. बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालणारे भाऊ शेवटी दमून राजीनामा करतात. सासर-माहेरचं वाजलं की चार वडीलधारी मध्ये पडून राजीनामा करवतात. नीलमचं माहेर दौलतगंजचं आणि सासर बिड़ला नगरचं. तिच्या मराठीत हा शब्द असाच, हिंदीच्या दारातून आलेला होता, आणि त्याला दुसरा काही अर्थ असेल हे तिच्या गावीही नव्हतं.

तिला पुढे केलं होतं तेच मुळी मराठीसाठी. कंपनी पुण्याची, साहेब पुण्याचे. "दीदी, तुम्हारी तरफ के हैं, तुम बात करो," असं कुशवाहा म्हणाले तेव्हा ती मनातून फुलली होती. ग्वाल्हेरची नवी पोरं एका वाक्यात तीनदा हिंदीत घसरतात, पण आपलं मराठी चोख, असा तिचा ठाम समज. आणि तो तिने कधी लपवलाही नव्हता.

भांडण काय होतं, तेही सांगायला हवं. पूर्वी राज्याराज्याच्या सीमेवर नाके होते, प्रत्येक राज्याचा कर वेगळा. म्हणून कंपनीने ग्वाल्हेरात पॅकिंगच्या तीन लाइनी टाकल्या होत्या. आता कर एक झाला, नाके उठले, सगळा देश एकच बाजार झाला. कंपनीने नागपूरला मोठा कारखाना बांधला आणि ग्वाल्हेर बंद करायचं ठरवलं. नागपुरात ठेकेदाराची माणसं स्वस्तात मिळत होती. युनियनने लेबर ऑफिसात तक्रार घातली, तारखा पडू लागल्या. आपसात बोलून मिटवा, असं तिथल्या दुबे मॅडमनी दोन्हीकडच्यांना बजावलं. त्याप्रमाणे नीलमने फोन केला होता.

संध्याकाळी तिने ही बातमी सासऱ्यांना सांगितली. मल्हारराव जुन्या कापड गिरणीतले कामगार. गिरणी बंद पडली तेव्हा चांगले तरुण होते. आता दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायचे.

"मामंजी, परवा राजीनामा होतोय."

"होऊ दे. पण एक लक्षात ठेव, सूनबाई. बोलणी चालू असताना नजर मशीनवर ठेवायची. आम्ही साहेबांच्या तोंडाकडे बघत बसलो आणि तिकडे माग भंगारात गेले. मशीन गेली की मग माणसाला कोण विचारतो?"

"तुम्ही फिकर नका करू. साहेब आपले आहेत, मराठी."

"आमचेही मराठीच होते," म्हातारा म्हणाला आणि त्याने तंबाखूची डबी उघडली.

परवा सकाळी नीलम फाटकाशी पोचली तर दोन ट्रक उभे. आत मिस्त्री तीन नंबरच्या लाइनचे बोल्ट खोलत होते. आणि दाबके साहेब हसतमुखाने पुढे आले, हातात बाकरवडीचा पुडा!

"या नीलमताई. तुमच्यामुळे सगळं किती सोपं झालं."

"साहेब, हे काय चाललंय?"

"मशीन नागपूरला हलवतोय. आता इथे ठेवून काय करायचं?"

"पण राजीनामा तर अजून व्हायचा आहे!"

"होईल की. कागद घेऊनच आलोय. सह्यांना कितीसा वेळ लागतो?"

"राजीनाम्याच्या आधीच मशीन काढता? काही रीतभात?"

"अहो ताई, राजीनामा झाल्यावर मशीन चालवणार कोण?"

"आम्ही चालवणार! दुसरं कोण चालवणार?"

दाबके साहेब तिच्याकडे बघतच राहिले. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. "तुम्ही स्वतः मला म्हणालात, राजीनामा करतो म्हणून. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे."

"म्हटलंच मुळी! नाही कुठे म्हणतेय?"

आजूबाजूच्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की मशीन काढून नेतायत, साहेब दीदीला खाऊ देतायत आणि दोघं आपसात मराठीत बोलतायत. कुशवाहांचा चेहरा उतरला.

"दीदी, तुमने मराठी में इनसे क्या-क्या बोल दिया?"

"वही बोला जो तय हुआ था."

"तो फिर ये ट्रक?"

मागून कोणीतरी म्हणालं, "साहब से मिल गईं." नीलमने वळून पाहिलं. रोज जिच्याबरोबर डबा उघडायची त्या मुन्नीने नजर फिरवली. तेव्हा मात्र नीलमच्या पायाखालची जमीन सरकली. नोकरी जाईल ही भीती तिने वर्षभर उशाशी घेतली होती. पण आपण विकले गेलो असं आपलीच माणसं म्हणतील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

ती ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी जाऊन उभी राहिली. पदर खोचला. "मशीन नहीं चढ़ेगी," ती म्हणाली. "साहब, वो रेकॉर्डिंग लेकर लेबर ऑफिस चलिए. सबके सामने बजाइए. मैं बिकी हूँ तो सबको मालूम पड़े."

दाबके साहेबांनाही तेच हवं होतं. पुरावा खिशात, मग घाबरायचं कशाला?

लेबर ऑफिसात दुबे मॅडमच्या टेबलाभोवती सगळे दाटीवाटीने उभे राहिले. दाबके साहेबांनी मोठ्या रुबाबात फोन मध्ये ठेवला आणि बटण दाबलं. "हो साहेब, राजीनामा करायला आम्ही तयार आहोत. एक-दोघं नाही, सगळे..." नीलमचा ठणठणीत आवाज खोलीभर घुमला. साहेबांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

कुशवाहांनी कपाळावरचा घाम पुसला. "अरे, तो दीदी ने ठीक ही तो बोला! यही तो तय हुआ था."

दुबे मॅडमनी चष्मा काढला. "इसमें गलत क्या है? ये लोग समझौते को तैयार हैं. आप मशीन क्यों उठा रहे हैं?"

"मॅडम, राजीनामा!" दाबके साहेब जवळजवळ ओरडले. "रेझिग्नेशन! ये सब नौकरी छोड़ रहे हैं!"

मग मुन्नीने तोंडाला पदर लावला. "अरे साहब, वो तो इस्तीफा होता है!" आणि जो हशा उठला, तो ऐकून बाहेरचा शिपाई आत डोकावला. मुन्नी हसता हसता नीलमच्या खांद्याला धरून उभी होती, जणू सकाळी काही झालंच नव्हतं.

नीलम तेवढी हसली नाही. तिने हळूच मराठीत विचारलं, "साहेब, मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं असतं?"

"हो ताई. दुसरं काय असणार?"

तिच्या कानशिलांना चटका बसला. जन्मभर मिरवलेलं मराठी, आणि त्यातल्या एका शब्दापायी सगळ्यांच्या चुली विझायची वेळ आली होती! शरमेने तिचे डोळे भरून आले. पण रडायला ही जागा नव्हती. तिने डोळे पुसले.

"बात यहाँ चल रही है, तब तक एक बोल्ट नहीं हिलेगा," दुबे मॅडमनी सुनावलं. दाबके साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ग्वाल्हेर मिटलं, असं ते हेड ऑफिसला कळवूनही बसले होते. ते नीलमकडे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, जरा बाहेर येता? आपण आपसात बोलून घेऊ."

"नाही साहेब. आता बाहेर नाही आणि मराठीतही नाही." मग ती मोठ्याने म्हणाली, "जो बोलना है हिंदी में बोलिए, सबके सामने."

दुपार कलेपर्यंत ओढाताण चालली. दाबके साहेब पुन्हा पुन्हा पुण्याला फोन लावत होते. अखेर ते खुर्चीत टेकले. माणूस वाईट नव्हता, अडकला होता. तिन्ही लाइनी नेत नाही, म्हणाले, पण एक तरी द्या. रिकाम्या हाताने गेलो तर माझी नोकरी जाईल. त्या लाइनीच्या बायकांना उरलेल्या दोन लाइनींवर सामावून घेऊ. फक्त तिसऱ्या इन्चार्जची जागा जाईल, तिला साधं पॅकिंग करावं लागेल.

कोणती लाइन? सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"तीन नंबर ले जाइए," नीलम म्हणाली.

कुशवाहा दचकले. "दीदी, वो तो तुम्हारी लाइन है!"

"तभी तो दे रही हूँ. किसी और की मैं कैसे दे दूँ?" मग ती साहेबांकडे वळली. "पर लिखिए, बाकी दो यूनियन से पूछे बिना नहीं हिलेंगी. और नागपुर में जो औरतें ये मशीन चलाएँगी, उनको भी हमारे बराबर मजदूरी. वो सस्ती पड़ेंगी, तो कल आप बाकी दो भी वहीं ले जाएँगे."

"वो मेरे हाथ में नहीं है."

"तो फोन लगाइए, जिसके हाथ में है."

साहेबांनी बाहेर जाऊन पुन्हा फोन लावला. खूप वेळ बोलले, मध्येच चिडले, मध्येच अजीजी केली. शेवटी आत येऊन त्यांनी पेन पुढे केलं. "लिख लीजिए, सब मंजूर है," ते म्हणाले.

घरी मल्हारराव ओट्यावरच होते. "मशीन वाचवल्यास?"

"दोन वाचवल्या, मामंजी. माझी गेली."

म्हातारा तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "आमची एकही वाचली नव्हती." आणि सरकून त्याने तिला शेजारी जागा करून दिली. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

सोमवारी नीलम कामावर गेली. तीन नंबरच्या जागी जमिनीवर नुसती चार भोकं होती. ती तिथे थांबली नाही, सरळ एक नंबरच्या लाइनीपाशी गेली. तिथली इन्चार्ज सोनिका. तिला काम नीलमनेच शिकवलं होतं. नीलमला पाहताच ती गडबडून स्टुलावरून उठली.

"दीदी, आप बैठिए ना."

"बैठूँगी कैसे? इन्चार्ज तू है. बता, कहाँ खड़ी रहूँ?"

सोनिकाने मशीनच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग बायकांकडे. कोणीच तिच्या मदतीला येईना. तिचा आवाज जेमतेम फुटला. "आखिर में, दीदी. डिब्बे बंद करने पे."

"हाँ, तो ऐसे बोल ना. जोर से बोला कर, मशीन में सुनाई नहीं देता."

नीलम पट्ट्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. सोनिकाने बटण दाबलं. पहिला डबा आला, नीलमने तो बंद केला आणि पुढे सरकवला.