चार बोटं

रोझमत बाक विकतोय, ही बातमी बिकाजानला तंदुरात नान लावताना कळली, आणि हातातला नान तिनं तसाच परातीत आपटला. एकोणीस वर्षं ती या बातमीवर टपून बसली होती.

बाक तिच्या बापाचा, उस्ता बोबोजानचा; उस्ता म्हणजे वस्ताद कारागीर. खिव्याच्या तटाच्या आत खांब आणि दारं कोरणारे जेवढे हात होते, ते सगळे या उस्तानं घडवलेले. तुतीच्या जाड लाकडाचा तो बाक होता, उभं राहून कोरकाम करायचा. म्हातारा अंथरुणाला खिळला तेव्हा लेकच तिथं उभी राहून कामं पुरी करू लागली. ती पडली बुटकी. म्हणून बापानं बाकाचे चारही पाय चार-चार बोटं कापायला लावले आणि बाक तिच्या मापाला आणला. हात सैल सोडून उभं राहिलं की बाकाची कड मनगटाला लागली पाहिजे, नाहीतर कंबर कामातून जाते, हे तिथं शेंबडं पोरही सांगतं. पाय कापले रोझमतनंच, उस्ताच्या मोठ्या चेल्यानं. ही गोष्ट या तिघांनाच ठाऊक होती.

मरताना उस्ता कारागिरांमधल्या वडीलधाऱ्या मदियारबाबांना एवढंच म्हणाला, "बाक ज्याच्या मनगटाला लागेल, दुकान त्याचं." मुलीचं नाव घेतलं असतं तर कारागिरांनी नाकं मुरडली असती, म्हणून म्हाताऱ्यानं ही शक्कल लढवली. ती अंगाशी आली. चाळीस दिवस पोर सुतकात घरात, आणि दुकानाची किल्ली रोझमतकडे.

एकेचाळिसाव्या दिवशी सगळ्यांदेखत माप घेतलं, तर बाक तिच्या मनगटाच्या चार बोटं वर, आणि ताडमाड रोझमतच्या मनगटाला कसा अगदी बेतून. ती ओरडली, बाक वाढलाय, याचे पाय कापले होते. रोझमतनं साळसूदपणे विचारलं, कापला? कधी? मदियारबाबा म्हणाले, पोरी, चाळीस वर्षं आम्ही हा बाक याच उंचीचा बघतोय. ते खरंही होतं, हीच तर मेख. कुणीतरी म्हणालं, तोडलेलं लाकूडही वाढतं का गं? सगळे खो खो हसले. ते हसू तिच्या कानातून कधी गेलं नाही.

पुढं दारं कोरायची कामं गेली रोझमतकडे आणि उस्ता हे नावही. बिकाजान अंगणात जमिनीवर बसून पाळण्यांच्या दांड्या कोरत राहिली. हात बापाचा, पण तिला उस्ता कोण म्हणणार?

आता रोझमतनं विजेचं कोरायचं यंत्र घेतलं होतं, म्हणून बाक निघाला. बिकाजान दुकानात गेली तेव्हा आठ-दहा कारागीर चहा पीत बसले होते, आणि कोपऱ्यात मदियारबाबा, आता पार वाकलेले. रोझमत उठला, आपा आपा करत तिला बसायला गादी दिली. गोड बोलायला त्याचं काय जातं? बाकाची किंमत त्यानं अव्वाच्या सव्वा सांगितली. बिकाजाननं घासाघीस केली नाही. तिला एकच गोष्ट वदवून घ्यायची होती. एवढी किंमत कशाची, असं तिनं विचारलं.

"उस्ताच्या हातचा बाक आहे," रोझमत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उस्ता गेले तेव्हा जसा होता तसाच. एवढ्या वर्षांत मी याच्या पायाला पटाशीसुद्धा लावलेली नाही."

"शपथेवर?"

"नानाच्या शपथेवर," म्हणून त्यानं नान मोडला आणि अर्धा तिच्या हातात दिला. मोडलेल्या नानावर ठरलेला सौदा तिथं फिरत नाही. तिनं सावकाश तो तुकडा खाल्ला.

मग ती बाकाला भिडून उभी राहिली आणि हात सैल सोडला. "आता माझ्या मापाला करून दे."

रोझमतच्या तोंडचं पाणी पळालं. कारण रीतच तशी आहे, विकणाऱ्यानंच घेणाऱ्याच्या मापाला पाय कापून द्यायचे, तेही साक्षीदारांसमोर. पैशाच्या नादात गडी नेमकं तेच विसरला होता. तो म्हणाला, कशाला कापायचा, खाली फळी टाकून उभी राहा. मग म्हणाला, उद्या करवतीला धार लावून घरी येऊन कापून देतो. मदियारबाबा चिडलेच. माप न देता बाक विकणारा कारागीर मी पाहिला नाही, म्हणाले, आणि आपल्या हातानं करवत त्याच्यापुढं सरकवली.

बाक उलटा केला. पायांना काजळीतेलाचा काळा थर होता. रोझमतनं करवत लावली, दोन ओढी काढल्या, आणि भुसा पडला पांढराशुभ्र.

तिथं सगळेच लाकडात वाढलेले. तुतीचा भुसा पिवळा असतो, पांढरा पॉप्लरचा. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. चहाचे वाडगे हातातच राहिले.

"थांबू नको," बिकाजान म्हणाली. "चारही काप."

काय बिशाद होती त्याची न कापायची? दुसऱ्या पायाला धक्का बसताच खालून जोडलेला ठोकळा सांध्यातूनच सुटून खाली पडला. चार पाय, चार पांढरे ठोकळे, प्रत्येक चार बोटं. बाक सरळ केला तेव्हा कड बिकाजानच्या मनगटाला लागली. पण तिचं पोट एवढ्यानं भरणार नव्हतं. तिनं रोझमतला बाकाशी उभं राहायला सांगितलं, त्या दिवशी तिला उभं केलं होतं तसं. कपाळाचा घाम पुसत तो उभा राहिला. बाक त्याच्या मनगटाच्या चार बोटं खाली.

"बाबा, माप बघा," ती म्हणाली. "लाकूड आटलं की काय?"

कुणी हसलं नाही. मदियारबाबांनी बोटांनी माप घेतलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "चूक माझी झाली, उस्ता." तिला कुणीतरी उस्ता म्हणालं ते आयुष्यात पहिल्यांदा. तिला रडू आलं नाही. तिला बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं.

तेवढ्यात हातगाडीवाला दारात आला. बाक कुठं न्यायचा, त्यानं विचारलं.

"कुठंही नाही," बिकाजान म्हणाली. "बाक त्याच्या जागेवर आहे." मग तिनं चारही ठोकळे उचलले आणि रोझमतच्या हातात ठेवले. "या दुकानात तुझं एवढंच आहे. घे आणि निघ."